माहीम ते मोत माऊली: सणांचे फोटो काढायला निघालेल्या हौशी लोकांसाठी

परवा ऑफिसातल्या एकाने विचारलं, अगं तू ते सणांचे फोटो काढतेस तसे मला पण काढायचेत, कुठला कॅमेरा घेऊ? मी म्हटलं कॅमेरा राहू दे, आधी बुधवारी संध्याकाळी माहीमला ये. त्याला वाटलं मी टाळतेय. टाळत नव्हते, उलट सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पहिल्यांदा सांगत होते. आता प्रत्येकाला व्हॉट्सअॅपवर तुकड्यातुकड्यात सांगून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय, लांब झालंय, चहा घेऊन बसा.

मी शीवला राहते, नोकरी करते, शनिवार-रविवार सुट्टी. फोटोग्राफीचा क्लास वगैरे काही केलेला नाही. सुरुवातीची दोन वर्षं मी सगळ्या मुंबईभर पळत होते, आज गिरगावची शोभायात्रा, उद्या मोहम्मद अली रोड, परवा जुहूची छटपूजा, आणि घरी आल्यावर बघितलं तर सगळे फोटो लांबून काढलेले, पाठमोरे, कुणाच्या तरी डोक्यावरून कॅमेरा धरून. मग ठरवलं की एकच पट्टा धरायचा. माहीम स्टेशनला वेस्टला उतरलं की पायी फिरता येईल एवढ्यातच मखदूम शाह बाबांचा दर्गा, सेंट मायकल चर्च, शीतळादेवीचं देऊळ, कोळीवाडा. रूळ ओलांडून ईस्टला गेलं की धारावी आणि तिथला कुंभारवाडा. माहीम-बांद्रा जोडणारा कॉजवे ओलांडला की बांद्रा आणि टेकडीवरची मोत माऊली, म्हणजे माउंट मेरी चर्च. उलट्या दिशेला दादरची चैत्यभूमी. एका तंगडतोडीत सगळं. आणि तो कॉजवे सुद्धा बघा, १८४५ मध्ये सुरू झालेला, पैसे दिले लेडी जमशेटजी म्हणजे एका पारशी बाईने, जिच्या नावाचा रस्ता आपण नुसता एल. जे. रोड म्हणून मोकळे होतो.

तुमच्या गावात असा पट्टा असणारच, पुण्यात कॅम्प घ्या, मडगाव घ्या, मिरज घ्या. फक्त एक धरा आणि वर्षभर सोडू नका.

कॅमेऱ्याचं आधी उरकून टाकू

माझ्याकडे सेकंडहँड क्रॉप सेन्सरवाला, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा आहे, सोबत आलेली १८-५५ ची झूम लेन्स आणि एक ३५ मिमी एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत). आधी सगळे म्हणाले म्हणून ५० मिमी घेतली होती, स्वस्त आणि मस्त, पण क्रॉप बॉडीवर ती साधारण ७५ सारखी वागते आणि दर्ग्याच्या गल्लीत मागे सरकायला दोन फूट जागा नसते, तर समोरच्याचं नाक तेवढं यायचं. ३५ वाली घेतली नि प्रश्न मिटला. झूमची मोठी तोफ घेऊन जाऊ नका, लोक बिचकतात आणि पोलीस विचारतात ते वेगळंच.

मोबाइल असेल तर मोबाइलने काढा, खरंच. फक्त दोन गोष्टी: स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा नि बोट खाली ओढून फोटो थोडा काळपट करा, रात्रीच्या दिव्यांत मोबाइल सगळं उगाच उजळवतो. आणि माणसं हलत असतील तर नाइट मोड बंद, नाहीतर भुतं येतात.

कॅमेऱ्यावर माझं ठरलेलं सेटिंग म्हणजे रॉ मध्ये (म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, न दाबलेल्या फाइलमध्ये) शूट, ऑटो आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, वाढली की दाणे येतात) आणि त्याची वरची मर्यादा ६४००, शटर किमान १/१२५ सेकंद. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही चालत.

पहिली पायरी: बिनसणाचा दिवस

माहीमच्या चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे मारियामातेची खास प्रार्थना असते, १९४८ पासून चालू आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागोमाग एक, इंग्रजी, कोकणी, मराठी अशा वेगवेगळ्या भाषांत, आणि बुधवारी तिथे जी गर्दी असते ती फक्त ख्रिश्चन लोकांची नसते हे सगळ्या मुंबईला माहितीय. नऊ बुधवार करायचा नवस बोलतात लोक. बाहेर मेणबत्त्यांचे, हारांचे स्टॉल.

पहिल्या बुधवारी कॅमेरा नेऊच नका. नुसतं जा, मेणबत्ती घ्या, लावा, मागच्या बाकावर बसा. कोण कुठून येतं, उजेड कुठून पडतो, बाहेर पडताना लोक कुठे थांबतात एवढं बघा. दुसऱ्या बुधवारी कॅमेरा पिशवीत. तिसऱ्या बुधवारी बाहेर स्टॉलवर काढा, विचारून. आत काढायचं तर ऑफिसात विचारा, हो म्हणाले तरच, आणि तेव्हाही फ्लॅश नाही, ख्रिस्तप्रसाद घेतानाचे फोटो नाहीत, वेदीकडे धावायचं नाही.

हे एवढं का सांगतेय, तर मी पहिल्याच दिवशी कॅमेरा घेऊन घुसले होते. एक बाई मेणबत्तीपाशी उभी राहून रडत होती, उजेड इतका सुंदर पडला होता तिच्या चेहऱ्यावर की मी विचार न करता तीन-चार फोटो ओढले. तिने वळून बघितलं आणि एवढंच म्हणाली, "माझं पोरगं हॉस्पिटलात आहे नि तू फोटो काढतेस?" मराठीत म्हणाली, आपल्या शेजारणीसारखी. तिथेच तिच्यासमोर डिलीट केले. पुढचे दोन महिने मी कॅमेरा बाहेर नव्हता काढला.

तर नियम असा की रडणारं, हात पसरून मागणारं, डोळे मिटून प्रार्थना करणारं माणूस दिसलं तर आधी कॅमेरा खाली. ओळख झाली, त्यांनी हो म्हटलं, तर पुढचं. आणि लहान मुलांचे फोटो आईबापाला विचारल्याशिवाय अजिबात नाही, गोंडस असलं तरी.

"सुद्धा" काढून टाका

हा माझा सगळ्यात आवडता मुद्दा आहे म्हणून थोडं थांबते. मी मोत माऊलीच्या जत्रेचे फोटो टाकले होते आणि खाली लिहिलं होतं, "इथे हिंदू आणि मुस्लिमसुद्धा येतात". बांद्र्याची माझी एक ईस्ट इंडियन (म्हणजे इथलीच मूळची मराठी ख्रिश्चन) मैत्रीण आहे, तिचा मेसेज आला: ते सुद्धा काढ. मी म्हटलं का गं, चांगलंच लिहिलंय की. तर म्हणाली, ते पाहुणे आहेत का? पिढ्यान्‌पिढ्या येतात.

तेव्हापासून मी एक गोष्ट बंद केली, ती म्हणजे टोपी आणि टिळा एका फ्रेममध्ये शोधत फिरणं. तसले फोटो सगळ्यांनी बघितलेत, कॅलेंडरवर असतात. खरं बघायला गेलं तर माणूस तिथे एकता दाखवायला येत नाही, तो कामाला येतो. पोराला ताप आहे, घराचं लोन पास होत नाही, सूनबाईला दिवस राहत नाहीत, पेपर अवघड गेलाय. ते काम दिसलं फोटोत की बाकीचं आपोआप येतं, वेगळं सांगायला लागत नाही.

मोत माऊली, सविस्तर

८ सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिवस, आणि त्यानंतरच्या रविवारपासून (आठ तारखेलाच रविवार असेल तर त्याच दिवसापासून) आठवडाभर बांद्र्याची जत्रा. आत्ताची इमारत १९०४ ची आहे आणि तिचा आर्किटेक्ट होता शापूरजी चांदाभॉय, म्हणजे पारशी. आतल्या मूर्तीबद्दल कोळी लोक सांगतात की एका कोळ्याला स्वप्न पडलं की मूर्ती समुद्रात मिळेल, आणि तशी ती मिळाली. ही गोष्ट कोळीवाड्यात ऐकायची, इंटरनेटवर वाचायची नाही, चव वेगळी लागते.

रविवारी जाऊ नका. दोन्ही रविवारी पाय ठेवायला जागा नसते, फोटो मिळत नाही, घाम मिळतो. मंगळवार-बुधवार बघा, सकाळी साडेसहा-सातला पोचा, पायऱ्यांवर तेव्हा मऊ उजेड असतो आणि स्टॉलवाले माल मांडत असतात. मग पुन्हा संध्याकाळी सहानंतर, दिवे लागले की. दुपारी वडापाव खाऊन घरी झोपा.

खरा खजिना आहे मेणाच्या स्टॉलवर. नवसाप्रमाणे मेणाचा हात, पाय, डोळे, बाळ, घर, गाडी, विमान पण मिळतं, परदेशी जायचं असेल त्यांच्यासाठी. मागच्या खेपेला एका स्टॉलशेजारी मी तासभर उभी होते. एक नवराबायको आले, तिशीच्या आतले, तिने मेणाचं घर उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि स्टॉलवालीला विचारलं, "मावशी, ह्याच्यावर लिहिता येतं का?" मावशी म्हणाली येतं की, पेन दिलं. त्या मुलीने दारावर बारीक अक्षरात लिहिलं: १ बीएचके. नवरा म्हणाला, मागतेच आहेस तर दोन तरी माग. ती म्हणाली, "गप, झेपेल तेवढंच मागायचं." मी विचारलं फोटो काढू का, दोघं हसले, हो म्हणाले, चेहरा नको म्हणाली, मग मी नुसते हात, पेन आणि ते घर घेतलं. माझा आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला फोटो तो आहे आणि त्यात ना चर्च दिसतं ना गर्दी.

असा फोटो हवा असेल तर काय करायचं: एका स्टॉलच्या बाजूला उभे रहा, समोर नाही, समोर गिऱ्हाईक अडतं. आधी स्वतः काहीतरी विकत घ्या. मावशीला सांगा की मी थोडा वेळ उभी राहते, चालेल ना. एफ २.८ ठेवा, फोकस हातांवर. मेण पांढरं-पिवळं असतं, त्याच्यावर उजेड पडला की कॅमेरा गोंधळतो, एक्स्पोजर थोडं मागेपुढे करून बघा. पेटलेल्या मेणबत्त्या असतील तर एक स्टॉप कमी करा, म्हणजे उजेड निम्मा, नाहीतर ज्योतीचा नुसता पांढरा ठिपका होतो. व्हाइट बॅलन्स (रंगांचा पिवळा-निळा तोल) ऑटोवर नको, डेलाइटवर ठेवा, ऑटो सगळा पिवळेपणा धुऊन काढतं आणि मेणबत्ती ट्यूबलाइटसारखी दिसते.

आणि हो, सप्टेंबर म्हणजे पाऊस. एक साधी प्लास्टिकची पिशवी, लेन्सपाशी भोक पाडून रबरबँड, झाला रेनकोट.

डिसेंबर, म्हणजे आमचा सीझन

सहा डिसेंबरला चैत्यभूमी. इथे मात्र डोकं जागेवर ठेवून जा. हा सण नाही, महापरिनिर्वाण दिन आहे, लोक लांबून लांबून अभिवादनाला येतात, तासन्‌तास रांगेत उभे राहतात. फुटपाथवर झोपलेल्या लोकांचे फोटो काढून "बघा किती हाल" करणारे फोटोवाले दरवर्षी दिसतात, मला ते बघवत नाही. शिवाजी पार्कला पुस्तकांच्या स्टॉलवर जा. पाठीवर सॅक, हातात डबा आणि पुस्तकाची किंमत बघत मान वाकडी केलेला माणूस, पुस्तक घेतल्यावर पहिलं पान उघडून तिथेच वाचायला लागलेली कॉलेजची मुलगी, हे बघायला मिळतं. दुपारी अडीच-तीननंतर या, डोक्यावरचं ऊन उतरलेलं असतं.

मग माहीमचा मेळा. मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१) हे कोकणातले मोठे विद्वान, त्यांच्या दर्ग्यावर डिसेंबरात मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास दहा दिवसांचा उरूस सुरू होतो, आणि पहिलं संदल (दर्ग्यावर वाहायचं चंदन, त्याच्या मिरवणुकीलाही संदलच म्हणतात) घेऊन जातात कोण, तर मुंबई पोलीस. माहीम पोलीस स्टेशनातून मिरवणूक निघते, बँड, फुलं, चादर, वर्दीतले साहेब. पोलिसांचा मान का, याची प्रत्येक चाचा वेगळी गोष्ट सांगतो, सगळ्या ऐका.

पहिल्या दिवशी पोलीस स्टेशनच्या दारात सगळे प्रेसवाले असतात, तिथे आपली डाळ शिजत नाही. मी पुढे जाऊन गल्लीच्या वळणावर थांबते, एखाद्या दुकानाच्या पायरीवर, दुकानदाराला विचारून. मिरवणूक वळते तेव्हा वेग कमी होतो आणि चादर एका बाजूने झुकते, तेव्हा दोन-तीन सेकंद मिळतात. पण त्यापेक्षा मला नंतरच्या दिवसांतली मंडळांची छोटी छोटी संदलं आवडतात, रात्री उशिरा निघतात, कोणी कॅमेरावाला नसतो, आणि ढोलवाला स्वतः विचारतो दीदी फोटो निकालो ना. डोकं झाकायला ओढणी ठेवा, पुरुषांनी रुमाल. आत जिथवर जाऊ देतात तिथवरच जा, मजारीपाशी कॅमेरा नाही.

मेळ्यात रात्री एक तांत्रिक भानगड होते ती सांगते कारण मला कळायला वर्ष गेलं. फोटोत आडवे काळे पट्टे येतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर त्याच्याशी जुळलं नाही की पट्टे. इथे १/१२५ सोडून १/५० किंवा १/१०० ठेवा, बहुतेक जातात. आणि सायलेंट शटर असेल तर ते बंद करा, त्याने पट्टे वाढतात. (म्हणून चर्चमध्ये सायलेंट वापरायचं असेल तर १/५० च ठेवा.) आकाशपाळण्यासाठी उलटं, हळू शटर, अर्धा ते एक सेकंद, आयएसओ १००, एफ ११, कॅमेरा कठड्यावर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. ट्रायपॉड नेऊ नका, कोणीतरी अडखळून पडतं आणि भांडण आपल्या गळ्यात.

धूर, रंग, पाऊस

कुंभारवाडा दिवाळीच्या महिनाभर आधी गाठा, पाऊस सरला की. सौराष्ट्रातून आलेली कुंभार मंडळी, गल्लीभर पणत्या वाळत घातलेल्या, भट्टीचा धूर उन्हाच्या तिरीपेत दिसतो. पाय कुठे ठेवताय बघा, एक चुकीचं पाऊल आणि त्यांचे वीस-पंचवीस रुपये गेले. जानेवारीत पोंगलला धारावीत तमिळ बायका रस्त्यावरच चुली मांडतात, पहाटे जा. भांड्याच्या काठावर आधीच फोकस करून ठेवा, शटर १/५००, उतू गेलं की "पोंगलो पोंगल" ओरडतात तेव्हा धडाधड काढा, दुसरी संधी नसते. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात सोनेरी नारळाची मिरवणूक, तिथे पाऊस आणि नाच दोन्ही सांभाळायचं.

गुलालाबद्दल मात्र ऐका. विसर्जनाला माझी १८-५५ गेली. झूम केलं की ती नळी बाहेर येते, आत जाताना गुलाल घेऊन आत जाते, रिपेअरवाल्याने उघडून दाखवली तर आतून गुलाबी. तेव्हापासून गुलाल असेल तिथे फक्त ३५, सांध्यांवर सेलोटेप, बॉडीवर शॉवर कॅप, आणि तिथे लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. घरी आल्यावर आधी ब्लोअरने हवा, मग ब्रश, मग कापड. ओल्या फडक्याने पुसलंत तर रंग पसरून बसतो.

एसी लोकलने गेलात तर उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटं कॅमेरा पिशवीतच राहू द्या, लगेच काढला तर काचेवर वाफ धरते. आणि मुंबईच्या दमटपणात लेन्सला बुरशी लागते, म्हणून घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल. तांदूळ घालू नका, पीठ उडतं.

घरी आल्यावर

चारशे काढले असतील तर त्याच रात्री बघू नका, सगळे भारी वाटतात. दोन दिवसांनी बघा, बारा ठेवा. रंग फार ओढू नका, हल्ली सणांचे फोटो बघितले की जिलेबीच्या पाकात बुडवल्यासारखे वाटतात. नावं नीट लिहा, संदलाला "मुस्लिम मिरवणूक" आणि नोव्हेनाला "चर्चची पूजा" असलं काही नको, त्यांचा शब्द वापरा, नसेल माहीत तर विचारा, लोकांना सांगायला आवडतं.

आणि प्रिंट द्या. हे मी पायऱ्यांमध्ये पहिलं लिहायला हवं होतं खरं तर. चार बाय सहाची प्रिंट दहा-पंधरा रुपयांत होते. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो वर सरकून जातो, प्रिंट स्टॉलच्या फळीला टाचणीने लागते. मेणबत्तीवाल्या मावशीकडे मी दिलेली प्रिंट दोन वर्षं तशीच आहे, कडा मेणाने चिकट झाल्यात, आणि आता मी गेले की ती शेजारच्या स्टॉलवाल्यांना ओरडून सांगते, "अरे आपली फोटोवाली आली." त्यानंतर मला कुठे परवानगी मागावी लागत नाही, तीच मागून देते.

२०२६ चं वेळापत्रक आत्ताच लिहून ठेवा कारण अधिक महिन्यामुळे तिथीवरचं सगळं पुढे ढकललं गेलंय. १३ सप्टेंबरला रविवारी मोत माऊलीची जत्रा सुरू, १४ ला गणपती, १५ ला दीड दिवसाचे विसर्जन, म्हणजे सकाळी टेकडीवर मेण आणि संध्याकाळी माहीमच्या किनाऱ्यावर गुलाल, तर दोन पिशव्या वेगळ्या भरा, लेन्स एकच असेल तर सेलोटेप सकाळीच लावून निघा. मार्गशीर्ष पौर्णिमा नाताळच्या तोंडावर येतेय, म्हणजे मेळा आणि मिडनाइट मास एकाच आठवड्यात, पण मेळ्याची तारीख पोलीस स्टेशनच्या बाहेरच्या बॅनरवर बघून पक्की करा. दोन बॅटऱ्या घ्या. ऑफिसातल्या त्या पोराला मी बुधवारी सहाची वेळ दिलीय, स्टेशनच्या वेस्टला, कॅमेरा न आणता.